दाखवण्याचा कार्यक्रम

लोरेन म्हणाली, घर रिकामं नको, भरलेलंही नको.
राहण्याजोगं दिसावं,
कुणी राहतंय असं दिसू नये.

मी मान हलवली. मला हे नवीन नव्हतं.
कराडला, मावशीच्या माजघरात,
नेसवता नेसवता मलाही सांगितलं होतं:
बोल, पण फार बोलू नकोस.
हस, दात दाखवू नकोस.

आधी भिंती. बैठकीतली पिवळी प्रभाकरची.
एकतीस वर्षांपूर्वी डेटनच्या रंगवाल्याला
त्यानं तीनदा परत पाठवलं होतं,
लिंबाची नको, झेंडूची दे, म्हणून.
आता तिच्यावर राखाडी,
अशी राखाडी की बघणाऱ्याला
तिच्याबद्दल काही म्हणावंसंच वाटू नये.
देव्हाऱ्यामागची काजळी तेवढी
तीन हात रंग पिऊनही वर आली.
लोरेन म्हणाली, इथे आरसा लावू.

मग वरच्या खोलीचा गालिचा.
त्यावर इस्त्रीचा ठसा, होडीच्या आकाराचा,
केतकीच्या पदवीदानाच्या सकाळचा,
सगळ्यांनी एकदम हाका मारल्या तेव्हाचा.
त्यावर सतरंजी आली, सतरंजीवर खुर्ची,
खुर्चीवर उघडं पुस्तक, कुणीच वाचत नसलेलं.
माझ्या उजव्या कोपरावर उकळत्या तेलाचा डाग आहे.
मावशीनं मला खिडकीच्या डाव्या अंगाला बसवलं होतं
आणि पदर असा घेतला होता
की कोपर म्हणजे जणू घरातलंच काही गुपित.

सात स्थळं आली. पोहे खाऊन गेली. कळवतो म्हणाली.

शनिवारी अकरा ते दोन.
मालकांनी घरात थांबायचं नाही,
एवढा एकच नियम मला नवा.
मला निदान खोलीत बसू दिलं होतं.
आम्ही गाडीच्या डिकीत भरलं
ते सगळं, जे दिसायला नको:
कुकर, हिंगाची डबी, न्हाणीतला तांब्या,
प्रभाकरच्या गोळ्यांचा आठवड्याचा डबा,
आणि टॉवेलात गुंडाळलेले देव.
वाचनालयाच्या पार्किंगमध्ये तीन तास.
बाळकृष्ण मागे स्टेपनीशेजारी.
प्रभाकर म्हणाला, बिचारा रांगता रांगता
कुठे येऊन पोचला बघ.
आम्ही खूप हसलो, आणि मग
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

निरोप येत राहिले, लोरेनमार्फत.
एकाला स्वयंपाकघर लहान वाटलं.
एका बाईंना सगळं आवडलं, पण भाव कमी करा.
एका जोडप्यानं तर होकारही दिला,
मग तपासनीस तळघरात उतरला
आणि पत्रिका जुळेना. पायात ओल निघाली.
मी म्हटलं, मुलीत काही खोट नाही हो,
एप्रिलमध्ये इथे सगळ्यांच्याच पायात ओल असते.
लोरेनला कळलं नाही. मीही समजावलं नाही.

आठवा प्रभाकर. पोह्यांची बशी देताना
पदर सरकला, मावशीनं डोळे वटारले,
आणि तो कोपराकडे बघून म्हणाला,
फार दुखलं असेल ना तेव्हा?
पसंतीबिसंतीचं बोलणं नंतर झालं,
मोठ्या माणसांत. मला ते आठवतही नाही.

काल संध्याकाळी परतलो.
दिवे सगळे चालू, उशा उभ्या, कान टोकदार,
घर असं ताठ बसलेलं, की मी दारातूनच म्हटलं,
गेले आता, सैल बस.
टेबलावर लोरेनचा काचेचा वाडगा,
त्यात प्लास्टिकच्या पाच नासपती.
एकीवर दातांच्या खुणा. बारीक, चार.
नुकते आलेले असावेत, दोन वर, दोन खाली.

कुणीतरी या घरात खरंच काहीतरी
खायला मागितलं होतं.

लोरेन फोनवर म्हणाली, सॉरी, उद्या बदलून देते.
मी म्हटलं, राहू दे.
फळ उचललं, पदराला पुसलं नाही,
चावलेली बाजू दाराकडे करून
पुन्हा वाडग्यात ठेवलं, सगळ्यांत वर.