नाव ठेवलंय कुठेतरी

दिवस गेले कळलं तेव्हा हसूच आलं.
माझे दिवस तर नेहमीच जायचे,
फ्रीजमध्ये ठेवलेल्या किल्ल्यांबरोबर,
न उघडलेल्या पाकिटांत.
या खेपेला फक्त कुणीतरी ते मोजले
आणि वहीत लिहून ठेवले.

वही तूलिक्कीची, केंद्रातल्या नर्सची.
ती म्हणाली, सैला, ती सकाळची गोळी...
मी म्हटलं, हो, ती गोळी.
मग आम्ही दोघी खिडकीबाहेर पाहत बसलो.
डॉक्टर म्हणाले, दोन्हीकडे धोका थोडा थोडा,
ठाम कुणीच सांगणार नाही. तुम्हाला काय वाटतं?
मला काय वाटतं ते शोधायला मी निघाले
आणि त्यांच्या टायवरचे मासे मोजून परत आले.
सोळा.

थांबवली गोळी.

ओउलूत हिवाळ्यातही लोक सायकली चालवतात,
म्हणून दुकानात मला काम होतं.
आठव्या महिन्यात एका वाकड्या चाकाचे आरे
एकेक करून सरळ करत बसले,
आणि यार्क्को रात्री नऊला आला तेव्हा
पाय भोपळ्यासारखे सुजलेले,
डब्यातली भाकरी तशीच.
चाक मात्र असं फिरत होतं
की त्यालाही रागावता येईना.
म्हणजे लक्ष आहे माझ्याकडे. भरपूर आहे.
बोलावलं की येत नाही, एवढंच.

सासूबाई म्हणाल्या, मूल झालं की येतं आपोआप.
राइली नाव त्यांचं. मोजे सुरेख विणतात,
एकही टाका सुटत नाही, कशावरचाच.

मूल झालं. लक्ष आलं नाही.
पान्हा आला, तोही भलत्या वेळी,
बँकेच्या रांगेत, कुणा दुसऱ्याचं पोर रडलं म्हणून.
कुठल्या बाजूला पाजलं, हे लक्षात राहावं
म्हणून मनगटात जुन्या ट्यूबचं रबर घातलं:
डाव्या हातात असेल तर आता डावी.
रबर बदलायचं लक्षात राहण्यासाठी
काय घालावं, ते तूलिक्कीलाही सुचलं नाही.
शेवटी जी बाजू दगड होते, ती खरी.

फोनमध्ये सात गजर.
पाचव्याचं नाव 'हा बंद करू नकोस'.
तो बंद करून मी रोज विचार करते,
कशाचा होता हा?

गोळीचं पुन्हा बोलणं चाललंय,
थोडीशी, पाजून झाल्याबरोबर,
आणि हिच्या झोपेवर, वजनावर डोळा ठेवायचा.
ठेवीन. डोळा ठेवता येतो मला,
फक्त ठेवलेलं सापडत नाही.

नावाचंच बघा ना.
बाप्तिस्म्यापर्यंत नाव फोडायचं नाही, अशी इथली रीत.
यार्क्को पुठ्ठ्याच्या गिरणीत, रात्रपाळीला.
म्हणाला, तू ठरवशील ते.
एका रात्री तीन वाजता ते मला दिसलं,
दिसलंच, भिंतीवर लिहिल्यासारखं.
कागदावर उतरवलं, चार घड्या घातल्या,
कुठेतरी अगदी सुरक्षित ठेवलं.
परवा रविवार.

मला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत.
हिचं ठेवलेलं मलाच मिळेना.

आत्ता, पहाटे, पाजता पाजता शोधतेय,
एका हाताने, कपाटात, पिठाच्या डब्यात,
पंक्चरच्या पेटीत.
बाहेर बर्फ सारणारी गाडी आली.
तिचा केशरी दिवा छतावरून गरकन फिरला
आणि हिने स्तन सोडला.
मान वळवून तिकडेच बघत राहिली.
तोंड उघडं, दूध हनुवटीवरून गळ्यात,
भूक असूनही.
दिवा पुन्हा आला. पुन्हा गेला.
मीही बघत होते.
गाडी वळणापलीकडे गेल्यावर
आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं,
नुकत्याच कुठूनतरी परतल्यासारखं.

हां.
कुठली बाजू चालली होती आपली?