घडीवर ठेवा

पॅटर्नच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलंय:
ही बाजू कापडाच्या घडीवर ठेवा.
म्हणजे अर्धंच माणूस काढलंय त्यात,
अर्धी छाती, अर्धी पाठ, एक खांदा.
दुसरा तसाच असणार, असं धरून चाललेत.

विट्यात कापडाला तोटा नाही.
आमच्या गल्लीमागं माग रात्री दोनपर्यंत चालतात,
लाईट गेली, आवाज थांबला, की झोप मोडते.
शनिवारी बाजारातनं साडेतीन मीटर सुती आणलं,
राखाडी, बारीक निळी चौकट.
दोनदा धुऊन दोरीवर टाकलं.
काय आटायचं ते आधीच आटू दे.

रिटायर झाल्यावर पहिला बेत हाच.
खाकी नाही, कॉलर नाही, पट्टा नाही,
गुडघ्याखाली येणारं ऐसपैस काहीतरी,
बगलेत चौबगला,
मांडी घातली तरी पोटावर चढणार नाही असं.
चोवीस वर्षं विटा-आटपाडी, विटा-तासगाव
उभ्यानं केली मी.
एका हातानं दांडी, एका हातानं तिकीट
आणि डाव्या खांद्यावर चामड्याची पिशवी,
संध्याकाळी चिल्लर भरली की
पायलीभर ज्वारीएवढी.

मापाला जुना ड्रेस काढला, सगळ्यात नीट बसणारा,
दस्तगीर मास्तरांनी शिवलेला.
ब्लेडनं टीप उसवत गेले.
मास्तरांची टीप. सुटता सुटत नव्हती.
डाव्या खांद्याशी आले तर
आत काहीतरी जाड लागलं हाताला.
उलटून बघितलं:
खाकीच्याच चिंध्या, चार पदरी,
धावदोऱ्यानं टाचलेली गादी.
उजवीकडं काही नाही.

दुसरा ड्रेस उसवला. गादी.
त्याच्या आधीचा. गादी, जरा पातळ.
सगळ्यात पहिला, ट्रंकेच्या तळाचा:
काही नाही.

आरशासमोर उभी राहिले, परकरावर,
मानेमागं झाडूची काठी आडवी धरून.
काठी डावीकडं कलली.
बोटभर नाही, दीड बोट.

मास्तर कधी बोलले नाहीत.
माप घेताना "हं, हात खाली" एवढंच,
आणि वहीत काहीतरी लिहायचे.
त्या गादीची शिलाई कधी लावली नाही.

तर मग घडी मोडली.
कापड फरशीवर अख्खं पसरलं, भिंतीपासून कॉटपर्यंत,
कोपऱ्यांवर वजनाला चार वाट्या.
कागद ठेवून उजवी बाजू आखली,
कागद उलटा करून डावी,
आणि डाव्या खांद्याची रेघ खडूनं दीड बोट खाली ओढली.
पुसली. परत ओढली.
मग मुंढाही खाली सरकवावा लागला.
जिवावर बेतायचं नव्हतं, अंगावर बेतायचं होतं,
तरी कात्री लावताना हात थांबलाच.

चार संध्याकाळी गेल्या. एक बाही उलटी लागली,
परत उसवली.
गळ्याची पट्टी अजून जरा फुगतेय.
खिसे दोन, मनगट बुडेल एवढे,
उजव्यात सवयीनं सुटे पैसे.

आज घालून दळण टाकायला निघाले.
वाटेत मास्तर दुकानाबाहेर स्टुलावर,
आता फक्त अल्टरचं काम घेतात.
त्यांनी आधी खांदा बघितला,
मग चेहरा.
"पाठीत ओढतंय जरा," म्हणाले.
"ओढू दे," म्हटलं.
त्यांनी गळ्यातली टेप काढली,
बोटांवर गुंडाळली,
परत उलगडून गळ्यात घातली.