वई

फेब्रुवारीच्या वादळात
माझ्या आणि नॉर्मन सग्डनच्या मधलं लाकडी कुंपण
रात्रीत आडवं झालं.
सकाळी सहा फळकुटं त्याच्या बादलीवर,
एक माझ्या कचऱ्याच्या डब्यात उभं,
पाहुण्यानं विसरलेल्या छत्रीसारखं.

या गावाचं नाव लिहितात भलतंच, म्हणतात कीथली.
इथे आले त्या वर्षी नॉर्मन म्हणाला होता,
"मी मागे गार्डनमध्ये असतो, हाक मार."
गेले. बघते तर चार फरश्या, कपड्यांची दोरी,
आणि ती पालथी बादली.
मी विचारलं, गार्डन कुठाय?
तो माझ्याकडे असा बघत राहिला
की मी त्याच्या आईबद्दल काही बोलले असावे.

माझी बाग वेगळी होती.
ती फारसीतून आली, येताना कारंजं घेऊन आली,
तिकीट, बाकं, फुले तोडू नयेत.
घरामागे असतं ते परसू:
अळू, सांडपाण्यावरची केळ, भांडी घासायची राख.
परसवाला कुणी बाग म्हटलं असतं
तर आई पदर तोंडाला लावून हसली असती.
आणि वेंगुर्ल्याला आमची वाडी.
वाडी म्हणजे माड. मला एवढंच माहीत.

कुंपण पडलं त्या आठवड्यात
लायब्ररीतला जाडा कोश
पोर कडेवर घ्यावं तसा टेबलापर्यंत नेला.
गार्डन: मूळ अर्थ, वेढलेली जागा.
फुलं नाहीत, गवत नाही. नुसता वेढा.
यार्ड हे त्याचंच सख्खं भावंड.
(ओहायोत माझी लेक पाऊण एकर हिरवळीला यार्ड म्हणते,
इथे यार्ड म्हणजे कोळसा ठेवायची फरसबंदी.
भावंडं लांब गेली की असंच होतं.)
आणि तळाशी, बारीक टायपात, 'कदाचित' लावून,
आपलं गृह.
गृह. घर.
मी चष्मा पुसला.

घरी येऊन मराठी कोश उघडला, वाडीसाठी.
तिथेही माड नव्हते.
तिथेही आवार, कुंपण, घेर.
दिवाळी उलटली की बाबलकाका
शेराच्या काठ्या रोवून, करवंदीचे काटे दाबून वई घालायचे,
सगळे हात रक्ताळलेले,
आणि आम्ही पोरं म्हणायचो, झाली वाडी!
बरोबर म्हणायचो.

कुंपणाच्या म्हणी मला दोनच आठवतात.
एकीत सरडा धावत येऊन तिथेच थांबतो,
दुसरीत ते स्वतःच शेत खातं.
ते पडलं तर काय, याला म्हण नाही.

नॉर्मन बिस्किटांच्या डब्यातून घराचे कागद घेऊन आला.
कुंपण त्याचं की माझं, याची खूण
नकाशात जिथे हवी, तिथे चहाचा डाग.
नवं घालायला सहाशे पौंड.
दोघं गप्प उभे राहिलो.
जागा एकाएकी दुप्पट झाली होती
आणि तिला काय म्हणायचं ते कळत नव्हतं.

मग त्यानं कपड्यांची निळी दोरी सोडली,
एक टोक मोडक्या खांबाला, एक माझ्या नळाला.
गुडघ्याएवढी उंची.
शेजारचं मांजर खालून गेलं, वर न बघता.
"आता बरं," तो म्हणाला, आणि गार्डनमध्ये गेला,
म्हणजे एक पाऊल मागे सरकला.

मार्चअखेर त्यानं बादली उचलली.
अंधारात वाढलेले रुबार्बचे गुलाबी देठ
वर्तमानपत्रात गुंडाळून दोरीवरून पुढे केले.
मी आमटी केली, गूळ जरा जास्त घालून.
तो म्हणाला, विचित्र आहे. आणि वाटी चाटून पुसून ठेवली.

वाटी आणायला जाताना
दोरी ओलांडावी की खालून वाकून जावं,
अजून ठरलेलं नाही.
आमच्या वईला बेडं असायचं,
दोन बांबू सरकवले की वाट.
त्याला इंग्रजीत काय म्हणतात,
नॉर्मनला विचारायला हवं.