दाणा दुधात आहे तोवर

पहिला फोन पुण्याहून आला.
"ताई, येत्या शनिवारी हुरडा आहे ना?"
म्हटलं, ज्वारीला विचारते, मग सांगते.
त्यांना वाटलं, मी चेष्टा केली.

मी खरंच गेले वावरात.
दहिवराने साडी गुडघ्यापर्यंत ओली.
गूळभेंडीचं एक कणीस हातावर चोळलं,
दाणा दाताखाली धरला.
फुटला. दूध आलं.
मग फोन लावला: या.

वडूज सोडलं की दहिवडीच्या अलीकडे
रस्ता इतका सरळ आहे
की लोक आमचं गाव न बघताच पुढे जातात.
तिथे रणजितने पत्र्यावर रंगाने लिहिलंय
'हुरडा मिळेल'
आणि खाली बाण काढलाय, तो चुकून
दौलूनानांच्या गोठ्याकडे वळलाय.
दर रविवारी दोन-तीन गाड्या
आधी म्हशींना भेटतात, मग आम्हाला.
नानांची तक्रार नाही.
सकाळपासून ते धुतलेला फेटा बांधून बसतात.

आगटी गजाबांची. तिथे दुसऱ्याने हात घालायचा नाही.
गोवऱ्यांचा धूर मावळू द्यायचा,
कणसं राखेत खुपसायची, आणि गप्प बसायचं.
कधी काढायची, ते त्यांना वासावरून कळतं.
कढत कणीस तळव्यावर चोळून फुंकर मारतात;
गेल्या खेपेला सगळी कूस
साताऱ्याच्या वकीलसाहेबांच्या नव्या स्वेटरवर.
साहेब दिवसभर खाजवत होते
आणि खात होते.

माझी जाऊ कोंडाबाई शनिवार धरते.
जवसाची, कारळ्याची, लसणाची चटणी वाटते
आणि एक बोटसुद्धा चाखत नाही.
"मीठ बघ गं," एवढंच म्हणते.
बारा वर्षं मी तिचं मीठ बघतेय.
एकदाही कमी-जास्त निघालं नाही.

पुण्याच्या गाडीतून इरा आली, आठ वर्षांची.
गोफण हवीच म्हणाली.
रणजितने दाखवलं: एक टोक बोटात अडकवायचं,
दुसरं सोडायचं.
तिने दोन्ही सोडली.
पाखरं राहिली बाजूला,
दगडासकट गोफण गेली
बापाच्याच गाडीच्या पुढच्या काचेवर.

कुणी काही बोलेना.
बापाने हातातला हुरडा तोंडात टाकला,
नीट चावला, आणि म्हणाला,
"चला, आता मायणीला वारा खात जाऊ."
तेव्हा असे हसलो सगळे
की ज्वारीतली पाखरं आत्ता कुठे उठली.

जाताना ती पोर माझ्यापाशी आली.
"तुम्ही हे वर्षभर का करत नाही?"
सांगितलं: दाण्यात आधी पाणी असतं, मग दूध, मग पीठ.
दुधाचे दिवस थोडे.
"आणि पीठ झाल्यावर?"
मग आम्ही खातो.

तिने ते वहीत लिहून घेतलं.
शाळेत काय सांगणार, कोण जाणे.

पुढल्या दोन रविवारी पटांगण भरलं.
तिसऱ्या शुक्रवारी दाताखाली टक्क वाजलं.
सगळ्यांना फोन करून नाही म्हटलं.
गजाबांनी आगटीवर पाटी पालथी घातली.

तरी रविवारी एक स्कूटर आली.
कऱ्हाडच्या दवाखान्यातल्या दोघी नर्स,
नाकं थंडीने लाल, ओठ फुटलेले.
दोन महिन्यांत दोघींची सुट्टी
पहिल्यांदा एका दिवशी आली होती.
बाणाने त्यांनाही म्हशींकडे नेलं होतं.

"हुरडा सरला," म्हटलं.
त्या एकमेकींकडे बघायला लागल्या.
कोंडाबाई काही न बोलता चुलीपाशी गेली.
गेल्या सालच्या ज्वारीची भाकरी,
उरलेली चटणी, वाटीभर दही.
दोघी जेवल्या आणि तिथेच,
गोणपाटावर, उन्हात, आडव्या झाल्या.
बूटसुद्धा काढले नाहीत.

चार वाजले. सावली पायांवर आली.
उठवावं का, मी कोंडाबाईला खुणेने विचारलं.
तिने त्यांचं गोणपाट धरलं दोन टोकांनी,
मी धरलं दोन टोकांनी,
आणि हळूच, हातभर,
उन्हाकडे सरकवलं.