अनुक्रमांक सात

फोटोझिंको छापखान्यात रात्री साडेनऊला
मतपत्रिकेचं प्रूफ टेबलावर आलं.
प्रभागात नऊ उमेदवार.
सातव्या ओळीपाशी पेन्सिलीनं
एकच शब्द : थांबा.

शिरिष कोंडीबा नाणेकर, अपक्ष. चिन्ह शिडी.

शिडी त्याला चिठ्ठीतून मिळाली म्हणतात.
असेल.
मागच्या मोजणीच्या रात्री
गोदामाच्या पत्र्याला लावलेली शिडी मात्र
कुणी चिठ्ठीतून दिली नव्हती.
तीस-चाळीस जण वरून आत उतरले,
निकालाचे तक्ते फाडले, यंत्रांवर रॉकेल ओतलं,
आणि हा खाली फाटकाशी, भोंगा हातात,
ओरडत होता, "आता आपणच सरकार!"
असं दोषारोपपत्रात आहे. पान चौदा.
भोंगा सापडलेला नाही.

आमच्याकडं बंडखोर म्हणजे
तिकीट न मिळालेला माणूस.
दर निवडणुकीला पेपरात पाच-पन्नास असतात,
अर्ज मागं घ्यायच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत
त्यातले निम्मे थंड होतात.
ह्या बंडाला राखेचा वास होता.
दुसऱ्या दिवशी मी गेले होते तिथं, उगाच.
चपलेला काळं लागलं,
ते बरेच दिवस राहिलं.

तेव्हापासून माझं म्हणणं साधं :
ज्यानं पंगतीच्या भातात माती कालवली
त्याचं पान मांडू नका.

पण सगुणा वाघचौरे, शाळेत चित्रकला शिकवते,
त्या रात्री चौथ्या टेबलावर तिची ड्यूटी होती,
धक्क्यात खुब्याचं हाड गेलं,
ती काल अमृततुल्यात बशीत चहा ओतत म्हणाली,
"राहू दे गं त्याचं नाव.
मला बघायचंय, माझ्या गल्लीतले किती जण
त्याच्यापुढचं बटण दाबतात."
"आणि निवडून आला तर?"
तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली.
"तर मला कळेल, मी कुठं राहते."

मला नाही पटलं. अजूनही नाही.
एवढं कळायला एवढी किंमत?

पण घरी कपाटात, साड्यांच्या खाली,
एक पिवळा कागद आहे, पंचाहत्तर सालचा, अण्णांच्या नावाचा.
त्यातही जवळजवळ हेच शब्द, शासन उलथवणे वगैरे.
अण्णांनी उलथवलं काय,
तर सायक्लोस्टाईलच्या शाईची बाटली,
आईच्या नव्या चादरीवर.
एकोणीस महिने येरवडा. खटला उभाच राहिला नाही.
अण्णा मात्र राहिले, पुढं महापालिकेला,
आणि बावीस मतांनी पडले.
पेढे तरीही वाटले होते आम्ही.

आरोप लिहायला एक फौजदार पुरतो.
राख करायला तीस-चाळीस जण लागतात.
ह्या दोन्हींच्या मधोमध
मी खुर्ची टाकून बसलेय,
चष्मा पुसतेय, परत पुसतेय.

पावणेबाराला फोन.
शिवाजीनगरच्या कोर्टानं पुढची तारीख दिली :
मतदानानंतरचा मंगळवार.
नाव ठेवा म्हणाले नाहीत, काढा म्हणाले नाहीत.
साहेब म्हणाले, मग छापा.

मशीनवरचा मुल्ला हात पुसत दारात उभा.
"मॅडम, चढवू?"
"थांब," म्हटलं.
शिरिष नव्हे. शिरीष. री दीर्घ.
लाल पेनानं दुरुस्त केलं,
समासात सही, वेळ, तारीख.
ह्या माणसाची वेलांटी मी सांभाळली
हे सगुणाला सांगायला हवं होतं,
पण ती झोपली असेल. रात्री खुबा ठणकतो तिचा,
झोप लागली तर लागते.

साडेबाराला पहिला कागद बाहेर आला.
मी कडेला धरून दिव्याखाली नेला.
नऊ नावं. सातवी ओळ
बाकीच्यांइतकीच ओली होती.