टक्

शिवडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा.
खाली पुठ्ठ्याची खोकी कापणारं मशीन.
ते आठला थांबतं, मग आमचा दिवस उजाडतो.
दाराला रबर, भिंतींना फोम, खिडकी विटांनी बुजवलेली.
आवाज आत येऊ नये म्हणून जे जे सुचलं ते केलं.
वायरीतून येणारं मात्र ऐकू येत नाही.

अँटिव्हायरस होता. पैसे भरून घेतलेला, वर्षाचा.
पण त्याला वेळकाळ कळायची नाही.
इंदुमती कोचरेकर आलाप घेतायत,
मंद्रातून हळूहळू वर,
कठड्याला हात लावत जिना चढावा तशा,
आणि बरोबर वरच्या षड्जावर
टक्.
नख तुटल्यासारखं.
कोपऱ्यात हिरवा चौकोन: तुमचा संगणक सुरक्षित आहे.
बाईंनी डोळे उघडले. म्हणाल्या, कोण आलं?

दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा मी त्याला बंद केला.
रेकॉर्डिंगपुरता.
परत चालू करायचं राहून गेलं.

हर्षल मांडवकर, एकोणीस वर्षांचा, कानाचा पक्का,
त्यानं कुठूनतरी एक घुमारा उतरवून आणला,
परदेशातल्या कुठल्याशा चर्चचा,
पंचवीस हजारांचा, फुकट.
सोबत सूचना: आधी अँटिव्हायरस बंद करा.
ते काम मी करूनच ठेवलं होतं.

दोन दिवस आमच्या दहा बाय बाराच्या गाळ्याला
केवढी उंची आली होती.
खरं सांगतो, मलाही आवडलं.

गुरुवारी प्रत्येक फायलीच्या नावाला शेपूट फुटलं,
अकरा अक्षरांचं, उच्चारता न येणारं.
आणि एक चिठ्ठी, इंग्रजीत, बऱ्यापैकी सभ्य:
तुमचं सगळं आमच्याकडे सुखरूप आहे.
बॅकअप होता. त्याच यंत्राला जोडलेला.
दुसरी किल्ली आम्ही दारालाच लटकवली होती.

हट्टानं एक फाइल कच्ची उघडली.
नुसता खरखराट, सपाट, गच्च.
बाई त्यात होत्या, पाण्यात साखर असते तशा,
पण जिभेला लागत नव्हत्या.

हर्षल तीन दिवस फिरकला नाही.
चौथ्या दिवशी आला, पगार नको म्हणाला.
मी म्हटलं, बस. कडी मी काढली होती.

मग बाईंना फोन.
म्हणजे माझा आवाज कुणी ओलीस धरलाय?
हो.
मागतात किती?
आकडा सांगितला.
पलीकडे बराच वेळ फक्त पंखा.
मग म्हणाल्या,
एवढे तर मला आख्ख्या आयुष्यात कुणी दिले नाहीत हो.
आणि हसल्या. मला हसता आलं नाही.

एकच टेक वाचला.
टक् असलेला.
अँटिव्हायरसवाल्यांकडे तक्रार केली होती तेव्हा
पुरावा म्हणून फोनवरून पाठवला होता.
त्यांचं उत्तर अजून यायचंय.

आता दोन यंत्रं.
एक बिलांचं, मेलचं, अपडेटचं;
त्यात तो पहारेकरी फिरतो, रात्री दोनला, हवं तेवढं.
लोकांचे पेनड्राइव्हही आधी तिथेच चपला काढतात.
दुसरं गाणाऱ्यांचं.
त्याची निळी वायर काढून खिळ्याला टांगलीय.
त्याला जग माहीत नाही, तारीखसुद्धा चुकीची दाखवतं,
पण ऐकतं छान.

श्रावणात बाई पुन्हा आल्या.
आवाज थोडा खाली उतरलेला, म्हणून पट्टी बदलली.
जिना तोच.
वरच्या षड्जाला पोचल्या
आणि थांबल्या.
काचेपलीकडून माझ्याकडे पाहत राहिल्या.
मी बटण दाबून म्हटलं,
काही नाही बाई, कुणी आलेलं नाही.
गा तुम्ही.