काखेतल्या नळ्या

सत्कार याकुत्स्कच्या मोठ्या सभागृहात झाला.
मंत्र्यांनी तिचं नाव वडिलांच्या नावासकट नीट उच्चारलं :
मात्र्योना येगोरोव्ना सिव्त्सेवा.
एकशे बारा शोधनिबंध, एक चाचणी, एक पदक,
आणि विमानानं आलेली फुलं, देठाशी काळी पडलेली.
मी मागच्या रांगेत, टोपी मांडीवर.
मी प्रकोपी. सव्वीस हिवाळे तिची गाडी चालवली.

निबंधांत हे नाही :
उणे एक्कावन्नात रक्त थंड ठेवायला काही लागत नाही,
गोठू द्यायचं नसतं, एवढंच.
पहिल्याच हिवाळ्यात पेटीतली शेगडी विझली
तेव्हा तिनं एकेक नळी उचलून काखेत धरली,
सहा डाव्या, सहा उजव्या,
आणि कुमाख्ताखपासून शहरापर्यंत
अकरा तास हात न उचलता बसली.
चहा मीच पाजला, थर्मासच्या झाकणातून,
एक हात स्टिअरिंगवर.
"अंडी उबवतेय," म्हणाली. पुढं काही नाही.

खाली नदी. आम्ही तिला आजी म्हणतो,
हिवाळ्यात तिच्या पाठीवरून ट्रक जातात.

गावात आधी दारं लावून घ्यायचे.
या दुखण्याला नाव नव्हतं,
"अमक्या घरचं चालणं" म्हणायचे.
न पिता झोकांड्या. घास घशात. जीभ जड.
आणि डोकं शेवटपर्यंत लख्ख, हेच वाईट.
ती कागद मागायची नाही.
चुलीपाशी बसून गोठलेल्या माशाचे काप मिठात बुडवून खायची
आणि विचारायची,
तुमच्या आजोबांना घोड्यावर कुणी बसवून द्यायचं का?
म्हातारी फ्योक्ला नऊ पिढ्या धडाधड सांगायची
आणि परतताना ही त्या गाडीच्या काचेवर काढायची,
हिमात, बोटानं :
पुरुष चौकोन, बाई गोल.
जे पडले ते नखानं खरवडून टाकायची.
खरवडलेल्या गोलांतून बाहेरची रात्र दिसायची.

एकदा मला समजावलं :
मूल पाटीवर अक्षर गिरवतं ना,
तशी पेशी तीन अक्षरं गिरवते,
तीच तीन, तीच तीन, तीच
तीन, आणि कुणी पुरे म्हणत नाही.
बापाकडून लेकराकडं जाताना गिरवणं वाढतं.
म्हणून बाप पन्नाशीत पडतो,
लेकरू चाळिशीच्या आत.

माझा बाप इनोकेंती पन्नाशीत पडला.
बहीण अकुलिना चौतिसाव्या वर्षी.
त्या बारा नळ्यांत सातवी माझी होती.

निकाल आला तेव्हा तिनं विचारलं, सांगू?
म्हटलं, रस्ता निसरडा आहे, आत्ता नको.
पुन्हा कधी विचारलं नाही.
मग मी आरशात तिचा चेहरा वाचत आलो.
आज माझ्याशी जरा जास्तच मऊ बोलली का?
नवे हातमोजे का दिले?
माझ्या पगारासाठी साहेबांशी एवढी का भांडली?
रात्री गाडी थांबवून बर्फावर उतरायचो,
हेडलाइटच्या उजेडात, एका रेघेत,
टाचेला चवडा, टाचेला चवडा.
ती आत झोपलेली असायची. असं मी धरून चालायचो.

आता मी एकोणसाठ.
पायांनी उत्तर दिलंय म्हणा.
पण पाय सगळं सांगतात असंही नाही.

भाषणात ती म्हणाली, औषध अजून नाही.
टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले.
म्हणाली, कुमाख्ताखच्या मुली आता चाचणी करून घेतात
आणि मग लग्नाचं ठरवतात,
किंवा न करताच ठरवतात.
दोन्ही त्यांचंच. मी फक्त दार उघडं ठेवलं.
अकुलिनाची लेक तिसऱ्या रांगेत होती,
पोटावर हात ठेवून. तिनं कुठलं दार घेतलं
मला माहीत नाही.

बाहेर पायऱ्यांवर बर्फ.
मात्र्योना येगोरोव्नाचा पाय सरकला, मी दंड धरला,
आणि पहिल्यांदाच तिचं चालणं डॉक्टरसारखं पाहिलं :
पावलांत अंतर किती, वळताना थबकते का.
तिनं ते ओळखलं.
"सत्तर झाले, प्रकोपी," म्हणाली. "नुसते सत्तर."
पदकाची डबी तिनं काखेत धरली होती.

गाडी चालूच होती.
या थंडीत इंजिन कुणी बंद करत नाही.